सुमिएचा पाय

पत्र्याची भांडी घडवणाऱ्या त्सुबामे गावात म्हाताऱ्यांची बोटं कुणी मोजत नाही. सार्वजनिक न्हाणीघरात एखाद्याचा अर्धवट पंजा दिसला, तर ‘प्रेसवर होता’ एवढंच म्हणतात आणि पाण्यात उतरतात. सुमिएला मात्र लग्न झाल्यापासून ती खोड लागली होती. जेवताना नवरा भाताचा वाडगा उचली आणि तिची नजर त्याच्या बोटांवरून फिरे. तोकुजीची अजून सगळी शाबूत होती.

त्यांचा प्रेस, म्हणजे पत्रा दाबून भांडी घडवायचं यंत्र, घराच्या तळमजल्यावरच होता. तोकुजी साच्यावर स्टेनलेसची चकती ठेवायचा आणि हात बाहेर घ्यायचा. मग सुमिए पेडल दाबायची, वरचा ठोकळा खाली यायचा आणि चकतीचं पातेलं व्हायचं. पण स्टेनलेस भारी चिवट. दाबाखाली त्याचा एखादा कण साच्याच्या काठाला चिकटून बसतो आणि पुढच्या प्रत्येक पातेल्यावर उभा ओरखडा काढतो. मग तोकुजी हातमोजा काढून साच्यात हात घाली, उघड्या बोटाने कण शोधी आणि तेलदगडाने घासून काढी. हातमोज्यातून तो कण लागत नाही.

साच्याला लावायचं जुनं दाट तेल होतं तोवर हे क्वचित व्हायचं. हिवाळ्याच्या तोंडावर तेल बदललं. नवं तेल धुवायला सोपं, पण पातळ, साच्यावर टिकेचना. आता घडोघडी हात आत. त्यातच ठोकळा वर रोखून धरणारा क्लच झिजलेला. गेल्या आठवड्यात तिने पेडल एकदा दाबलं आणि ठोकळा दोनदा पडला होता.

“बाबा, मोटर बंद करून घासा ना,” ती म्हणाली. मुलगी झाल्यापासून दोघं एकमेकांना आई-बाबाच म्हणत.

“अगं आई, प्रेसचं एवढं मोठं चाक थांबायचं कधी आणि परत फिरायचं कधी? बाहेरचं बर्फ वितळेल तोवर!”

“आणि मध्येच पडला म्हणजे?”

“पेडलवर तू आहेस ना? मग मला कसली भीती! तो शेजारचा मुराकोशी परक्याच्या पायावर विसंबला आणि बोटं गेली, म्हणून आता त्याच्या जेवायच्या काड्यांतून भात सांडतो.”

तो हसला. सुमिएच्या मनात आलं, विश्वास टाकणाऱ्याचं काय जातं? ओझं वाहायचं दुसऱ्याने.

दुपारी पुन्हा ओरखडा दिसला. तोकुजी वाकला. तिने पाय उचलला; निदान तिला तसं वाटलं. घासून झालं का ते बघायला त्याने डोकं मागे घेतलं, दगड तिथेच ठेवून हात बाहेर काढला आणि ठोकळा धाडकन खाली आला. दगडाचा चुरा झाला.

दोघांनीही खाली पाहिलं. तिचा पाय पेडलवर होता.

‘मी नाही दाबलं’ असं ती म्हणणार होती. खरंच नव्हतं दाबलं? की घाबरून पाय पुन्हा टेकला होता? गारठ्याने तळवा बधिर झालेला. तिला काही म्हणता काही आठवेना. आजवर ती प्रेसला भीत आली होती. आता तिला स्वतःचीच भीती वाटली.

“आपोआप पडला,” तोकुजी म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “क्लचचं काम आहे ते.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

तो खाली बसून सांडलेला चुरा गोळा करू लागला.

“उठा,” ती म्हणाली. “इथं बसा माझ्या जागी. घासते मी.”

“वेड लागलंय का तुला?”

“बसा म्हणते ना!”

तिचा आवाज असा काही निघाला की तो मुकाट्याने बसला. पेडलकडे बघवेना म्हणून त्याने दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घेतले. सुमिएने हातमोजा काढला, वाकली आणि साच्यात हात घातला. पुन्हा वर गेलेला ठोकळा बरोबर तिच्या मनगटाच्या वर टांगलेला होता.

“थांब!” तोकुजी ओरडला. स्टूल आडवं झालं. त्याने धावत जाऊन मोटरचा खटका पाडला, परत येऊन तिचा हात बाहेर ओढला आणि मनगट घट्ट धरून उभा राहिला. चाक कितीतरी वेळ आपल्याच जोरावर फिरत होतं. दोघं त्याच्याकडे बघत राहिले. चाक थांबलं, तरी त्याने मनगट सोडलं नाही.