उजवीकडचा मीटर

जिन्याखाली लाकडी फळीवर दोन मीटर होते. डावीकडचा जुना, काळा, आत चकती फिरणारा. उजवीकडचा नवा, पांढरा, कोपऱ्यात लाल ठिपका लुकलुकणारा. नवा थोरलीचा, जुना धाकटीचा. अकरा वर्षं हे असंच चालत आलं होतं, आणि ते तसं कुणी ठरवलं हे थोरलीशिवाय आता कुणाला माहीत नव्हतं. तीही ते विसरून गेली होती.

थोरली वरच्या मजल्यावर राहायची. मुलगा, सून, दोन नाती आणि सुनेचं शिवणकाम, असा भरला संसार. धाकटी म्हणजे तिची जाऊ, धाकट्या दिराची बायको. ती खालच्या दोन खोल्यांत एकटी. दीर जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. शिंप्यांच्या दुकानांतून शर्ट आणून त्यांना काज-बटणं करायची आणि त्यात भागवायची.

दर महिन्याच्या दहा तारखेला थोरली दोन्ही घरांची बिलं घेऊन वीज कचेरीच्या खिडकीवर जायची. धाकटी आपले पैसे पाकिटात घालून वर आणून द्यायची. "तू नको जाऊस रांगेत," थोरली म्हणायची, "चारजण पुढे घुसतील आणि तू त्यांना सरकून जागा देशील." ते खोटं नव्हतं. पण त्या निमित्ताने धाकटीचा आकडा आधी आपल्याला बघायला मिळतो, हेही होतंच.

आणि आकडा तरी कसला. वरच्या पाच माणसांचं बिल चिमणीएवढं आणि खालच्या एकटीचं त्याच्या तिप्पट. खिडकीतला कारकून एकदा थोरलीला म्हणाला, "आजी, पाच माणसांत एवढंसं बिल? आकडा टाकलाय का तारेवर?"

"आमच्या घरात बटणं बंद करायला मी आहे," थोरली म्हणाली. "तुझ्या कचेरीला कुणी धनी दिसत नाही. भर दुपारी चार दिवे जळतायत बघ तुझ्या डोक्यावर."

रांग हसली. थोरली ताठ मानेने घरी आली. खरंच होतं ते, ती घरभर बटणं बंद करत फिरायची. नाती अभ्यासाला बसल्या आणि पाणी प्यायला उठल्या, तरी परत येईतो दिवा गेलेला असायचा. मुलगा एकदा म्हणाला, "आई, शिलाई मशीनला मोटर बसवली, मोठी इस्त्री आणली, तरी बिल वाढलं कसं नाही?" तेव्हा ती म्हणाली, "घरात लक्ष असलं की वाढत नाही. तुझ्या काकूला विचार कसं वाढतं ते."

काकूचं खरंच वाढलं होतं, नेमकं त्याच महिन्यात. थोरलीने तिला सोडलं नाही. सकाळी नळावर आठ-दहा बायका असताना विचारलं, "काय गं, एकट्या बाईला एवढी वीज लागते कशाला? कारखाना काढलायस की काय आत?" बायका हसल्या. धाकटीही हसल्यासारखं करून कळशी उचलून गेली. पण नाव पडायचं ते पडलं. उधळी. चार घरांत तिला तेच म्हणायला लागले.

धाकटीने आधी फ्रिज विकला. बिल उतरलं नाही. मग पंखा बंद केला, उन्हाळ्यात दाराच्या उंबऱ्यावर बसून काजं करायला लागली. मग दोन दिव्यांचा एक केला आणि मोरीतला तर काढूनच टाकला. एकदा वर येऊन चाचरत म्हणाली, "आक्का, मीटर एकदा तपासून घेऊ का? मी काहीच लावत नाही हो."

"मीटरला कशाला नावं ठेवतेस," थोरली म्हणाली होती. "आपला हात आधी आखडता घ्यावा माणसाने."

धाकटीने पुन्हा विषय काढला नाही. चार महिन्यांपूर्वी एका पहाटे ती मोरीत पडली. अंधारात बादलीवर पाय आदळला, खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिची भाची तिला आपल्या गावी घेऊन गेली. जाण्याआधी घरी थांबून भाचीकडून तिने मेन स्विच खाली ओढून घेतला, दाराला कुलूप लावलं, किल्ली आणि तीन महिन्यांचे पैसे थोरलीच्या हातात ठेवले. उचलून गाडीत बसवत होते तेव्हा म्हणाली, "आता तरी माझं बिल खाली येईल, आक्का."

पुढच्या दहा तारखेला थोरली कचेरीवर गेली तर खिडकीला फळी ठोकलेली. वर कागद चिकटवला होता, की आता बिल फोनवरून भरा, नाहीतर बाहेरच्या यंत्रात, नाहीतर अमुक अमुक दुकानांत. थोरली यंत्रापुढे उभी राहिली. यंत्राने तिची नोट तीनदा आत घेतली आणि तीनदा बाहेर टाकली. "तुझ्यापेक्षा तो कारकून बरा होता," ती यंत्राला म्हणाली, "उर्मट होता, पण घेतलेलं ठेवून तरी घ्यायचा." आणि घरी परतली. तेव्हापासून सून दोन्ही बिलं फोनवर भरायला लागली. थोरली फक्त किती झालं तेवढं विचारायची. दोन महिने तसेच गेले. खालचं बिल अजून भरघोस येतं हे ऐकून ती म्हणाली, "काहीतरी चालू ठेवून गेली असेल बया." आपलं बिल किती, हे तिने विचारलंच नाही. ते कमीच असणार.

तिसऱ्या महिन्यात सुनेने फोन तिच्यापुढे धरला. "आई, हे बघा ना. यात वर्षभराचं दिसतं."

फोनवर उभे पट्टे होते, महिन्याला एक. लिहिण्यावाचण्यात थोरलीची गती जेमतेम, पण काय उंच आणि काय बुटकं ते कळायला शाळा लागत नाही.

"हे आपलं," सून म्हणाली. "नऊ महिने एवढे एवढे पट्टे, आणि शेवटचे तीन महिने काहीच नाही. नुसतं मीटरचं भाडं. आणि हे काकूंचं. घराला कुलूप आहे, तरी पट्टे तस्सेच. गेल्या महिन्यात मी शाळेच्या गणवेशांचं काम घेतलं होतं ना, तो बघा, त्यांचाच पट्टा सगळ्यात उंच."

"तुझा फोन बिघडलाय," थोरली म्हणाली.

"फोन कसा बिघडेल, आई?"

"मग काहीतरीच दाखवतोय. काम कर आपलं."

सून मशीनवर बसली. मोटर घुरघुरायला लागली. थोरली कठड्याला धरून एकेक पायरी उतरली आणि जिन्याखाली वाकून उभी राहिली. वर मशीन चालू होतं, इस्त्री तापत होती, फ्रिज होता, आणि तिच्या नावाच्या पांढऱ्या मीटरवरचा लाल ठिपका मेल्यासारखा गप्प होता. शेजारी धाकटीच्या काळ्या मीटरची चकती गरगर फिरत होती. वरचं मशीन थांबलं तशी ती मंदावली. पुन्हा सुरू झालं तशी पुन्हा धावली. थोरलीने हे तीनदा बघितलं. मग ती खालच्या पायरीवर बसली.

तिला आठवलं. वाटण्या झाल्या तेव्हा वायरमनने दोन मीटर बसवले होते. जुना वरच्या घराला जोडला, नवा खालच्या. ती खाली येऊन बघते तर हे असं. "या घरात थोरली मी," ती म्हणाली होती. "जुनंपानं माझ्या माथी आणि कोरं करकरीत तिला? नवा माझा." वायरमन म्हणाला, "मग बाई, वायरी उलट्या कराव्या लागतील. आज कागदावर नंबर बदलून देतो, वायरींना उद्या येतो." दुसऱ्या दिवशी तो खरंच आला होता, पिशवी घेऊन. तिनेच त्याला दारातून परत पाठवला. "दिवे लागतायत ना दोन्हीकडे? मग झालं. फळी उचकटशील आणि वर मजुरी मागशील." तो खांदे उडवून गेला. कागदावर ज्याचं नाव त्याचा मीटर, एवढंच तिला कळत होतं. वायर कुठून कुठे जाते याच्याशी आपला काय संबंध.

म्हणजे इतकी वर्षं वरच्या पाच माणसांची वीज खाली एकटीने भरली होती. आणि धाकटीने फ्रिज विकला तो थोरलीच्या बिलातून कमी झाला होता, पंखा बंद केला तोही, मोरीतला दिवाही.

संध्याकाळी मुलाने पट्टे बघितले. "कंपनीचा घोळ असणार," तो म्हणाला. "तक्रार करतो. काकूलाही सांगू, की चूक कंपनीची होती."

वायरमन कधीच मेला होता. कारकुनाची बदली झाली होती. थोरली कंपनीची चूक म्हणाली असती तर जन्मात कुणी खोटं पाडलं नसतं. दोन दिवस ती त्यावरच बसून राहिली, आणि दोन दिवस घरात दिवे जळत राहिले. तिने एकही बटण बंद केलं नाही. लहान नात तिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघून गेली.

तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला. "मावशीने निरोप सांगितलाय. तिने ठेवलेले पैसे संपले असतील, तर खालचं लोखंडी कपाट विका आणि बिल भरा म्हणते. कुणाचं अंगावर राहायला नको म्हणते."

"तिला सांग, मी येतेय," थोरली म्हणाली.

बसने दोन तास लागले. वाटेत तिने वाक्य जुळवून ठेवलं. मीटरचा घोळ झाला होता. यात घोळ कुणी केला ते येत नव्हतं, आणि खोटंही नव्हतं.

धाकटी खिडकीजवळ खाटेवर होती. चार महिन्यांत चादरीखाली तिचं काही उरलेलं दिसत नव्हतं. थोरलीला बघून तिने उठायची धडपड केली आणि उठता आलं नाही. "आक्का, तुम्ही? एवढ्या लांब? कपाट गेलं का?"

"नाही गेलं. विकायचं नाही."

"मग बिलाचं?"

"मीटरचा घोळ झाला होता," थोरली म्हणाली.

"अगंबाई." धाकटीचा चेहरा उजळला. "कुणी केला?"

तिने ते सहज विचारलं होतं. तिच्या आवाजात कधीच काही नसायचं, आताही नव्हतं. थोरली तोंड उघडून बसली आणि बसमध्ये जुळवलेलं काही पुढे सरकेना.

"मी," ती म्हणाली. आणि सगळं सांगितलं. नवा मीटर, वायरमन, दारातून परत पाठवलेली पिशवी, पट्टे, चकती. सांगताना तिने धाकटीकडे बघितलं नाही, भिंतीकडे बघितलं.

धाकटीची बोटं चादरीच्या कडेवर काज केल्यासारखी पुढे पुढे सरकत होती.

"म्हणजे मी फ्रिज काढला," ती शेवटी म्हणाली, "ते तुमचं बिल कमी झालं."

"हो."

"पंख्याचंही."

"हो."

"आणि मोरीतला दिवा मी..." तिने पुढचं सोडून दिलं.

"हो," थोरली म्हणाली.

"मग मी उधळी नव्हते ना, आक्का?"

"नव्हतीस."

"मला वाटायचं, माझ्याच हातून काहीतरी होतंय. झोपेत उठून दिवा लावते की काय. एकदा बटणाला दोरा बांधून झोपले होते, सकाळी तुटलाय का बघायला." ती हसली. "तुटला नव्हता. तरी बिल तेवढंच."

भाची चहाचे कप घेऊन दारात उभी होती. धाकटी तिला म्हणाली, "ये, ये आत." मग थोरलीला म्हणाली, "हिच्यासमोर एकदा सांगा, आक्का. नळावर सगळ्यांसमोर म्हणाला होतात. त्या सगळ्या काही आता इथे नाहीत. हिला तरी कळू दे."

आयुष्यात थोरलीने एक गोष्ट कुणाला दोनदा सांगितली नव्हती, आणि अशी तर एकदाही नाही. तिने हातात आलेला कप खाली ठेवला. भाचीकडे तोंड केलं आणि पहिल्यापासून सांगितलं, काही न गाळता. दारातून परत पाठवलेली पिशवीसुद्धा.

भाचीने ऐकलं आणि ती आत निघून गेली. आत भांडी जोरात आपटली.

"वायरी उद्याच सरळ करून घेते," थोरली म्हणाली. "किती वर्षांचं किती ते सुनेला मांडायला सांगते, एकूण एक तुझ्या हातात देईन. नळावरही सांगेन, सगळ्या असताना. फ्रिज घालते, पंखा घालते. मोरीत दोन दिवे लावते. चल घरी."

"उठता येत नाही मला, आक्का," धाकटी म्हणाली. "डॉक्टर म्हणतात आता नाहीच यायचं. फ्रिज घेऊन काय करू मी."

दोघी बसून राहिल्या. खिडकीबाहेर ऊन गेलं, मग उजेड गेला. चहावर साय धरली. भाची आत आली, कप उचलले आणि भिंतीवरच्या बटणाकडे वळली.

"राहू दे गं," धाकटी पटकन म्हणाली. "दिसतंय अजून."

काहीच दिसत नव्हतं. भाचीचा हात तसाच थांबला. थोरली गुडघ्यावर हात रोवून उठली, चाचपडत भिंतीपाशी गेली आणि तिने बटण दाबलं.

धाकटीने डोळे घट्ट मिटून तोंड भिंतीकडे वळवलं. डोळे उघडायला तिला बराच वेळ लागला.