जोडगाडी

ओदीलने बॅग वरच्या फळीवर ढकलली. ती पुन्हा अर्धी बाहेर घसरली. खांदा लावून तिने ती आत दाबेपर्यंत तिचे वडील कोट काढून, तो खिडकीजवळच्या आकड्याला अडकवून, परत दाराकडे निघालेही होते.

"पपा, आता कुठे?"

"दोन झुरके मारून येतो."

"गाडी सुटेल."

"एवढे सगळे खाली उभे आहेत, त्यांना काय पॅरिसला जायचं नाही?"

तिने खिडकीतून पाहिलं. लाल गाडीच्या प्रत्येक दाराशी एकदोन माणसं धूर सोडत उभी होती. इथून पॅरिसपर्यंत गाडी कुठेच थांबत नाही, म्हणून ब्रसेल्सच्या फलाटावर शेवटची सिगरेट ओढून घ्यायची आणि शिट्टी झाली की जवळचं दार गाठायचं. तिचे वडील, आर्मां, कित्येक वर्षं हेच करत आले होते. त्यात त्यांची गाडी कधी चुकली नव्हती, हे ते अभिमानाने सांगत.

"कोट तरी घाला."

"दोन झुरक्यांना कोट?" असं म्हणत ते तपकिरी स्वेटरवरच गेले.

ती बसते न बसते तोच फोन वाजला. पॅरिसहून रेजीस, तिचा भाऊ. फलाटावरून चालतानाही त्याच्याशीच बोलणं चाललं होतं. मध्येच आवाज तुटला होता.

"बसलात?"

"मी बसले. पपा सिगरेट ओढतायत."

"एकटे सोडलंस त्यांना?"

"दारात आहेत, रेजीस."

"बरं. मग काय ठरवलंस?"

ओदीलने आवाज खाली आणला. महिन्यापूर्वी आर्मांना ब्रसेल्समधल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या जुन्या औषधांच्या दुकानासमोर पाहिलं होतं. दुकान विकून बारा वर्षं झाली होती, आणि ते जुनी किल्ली घेऊन शटरशी खटपट करत होते. 'कुलूप बदललंय का ते बघत होतो,' असं त्यांचं म्हणणं. रेजीसला त्यात गंमत वाटली नाही. त्याने आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात चौकशी केली. तिथे एक खोली रिकामी होती, आणि तिथल्या बाई आज संध्याकाळपर्यंत ती अडवून ठेवणार होत्या. ओदील अ‍ॅमस्टरडॅममध्ये पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणं तिला जमत नसे. ती म्हणाली होती, मी दोन दिवस त्यांच्याकडे राहते, मग त्यांना घेऊन पॅरिसला येते. ते एकटे राहू शकतात की नाही, ते मी सांगेन. रेजीस म्हणाला होता, तू म्हणशील तसं.

दोन दिवस ती बघत होती. गोळ्या त्यांनी बरोबर घेतल्या. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याचं नाव दोनदा चुकवलं. तीस वर्षांपूर्वीच्या घाऊक व्यापाऱ्याचा फोन नंबर घडाघडा म्हणून दाखवला. आज सकाळच्या गाडीचं तिकीट होतं, पण नेहमीच्या खाणावळीत सॉसेज आणि कुस्करलेला बटाटा खाल्ल्याशिवाय ते हलायलाच तयार नव्हते, म्हणून तिने ते दुपारच्या गाडीचं करून घेतलं. याचा अर्थ काय लावायचा? हट्टीपणा आजार नसतो.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

काचेवर बाहेरून कोणीतरी टकटक केली. न बघताच तिने थांबा म्हणून हात वर केला.

"त्या बाई सहानंतर थांबणार नाहीत, ओदील."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत आहे, पण पपा शटर उघडायला जातात तेव्हा तू तीन तास लांब असतेस. मीही लांबच असतो. त्याचं काय?"

ती उत्तर शोधत होती तेवढ्यात शिट्टी झाली. दारं लागल्याचा आवाज आला आणि फलाट हळूच मागे सरकू लागला. तिने दाराकडे पाहिलं. तिथून कोणीच आलं नाही. मग तिने खिडकीला कपाळ लावलं. बाक गेले, बाबागाडी घेतलेली एक बाई गेली, आणि खांबाजवळ पाठमोरा उभा असलेला एक म्हातारा गेला. तपकिरी स्वेटर, तोंडाशी नेलेला हात.

"रेजीस," ती म्हणाली, "पपा खाली राहिले."

तो एवढंच म्हणाला, "कसे काय?"

"करते मी फोन."

समोरच्या बाकावर मांडीवर टोपली घेऊन एक म्हातारी बसली होती. टोपलीतून कुत्र्याचं नाक बाहेर आलं होतं.

"कोण राहिलं?"

"माझे वडील."

"आमचे हेही एकदा असेच लीलच्या स्टेशनवर राहिले. तीन दिवसांनी उगवले." म्हातारीने कुत्र्याचं नाक आत ढकललं. "तीन दिवस घर काय स्वच्छ राहिलं." ओदीलचा चेहरा पाहून ती जरा ओशाळली. "येतील हो. मोठी माणसं अशी हरवत नाहीत."

ओदीलने कोटाचा खिसा चाचपला. त्यांचा फोन कोटातच होता.

त्यांना आपण पाहिलंय, याची तिला खात्री होती, तरी ती मागच्या दिशेने निघाली. एक डबा, दुसरा, खाण्यापिण्याचा डबा, पुढचा. प्रत्येक संडासाचं दार तिने ढकलून पाहिलं. शेवटच्या डब्याच्या टोकाला एक बंद पोलादी दार होतं. तिथे गाडी संपत होती. परत फिरताना तिला तिकीट तपासनीस भेटली. उंच, गळ्यात लाल रुमाल, छातीवर 'लीवे' अशी पट्टी.

ओदीलने सगळं सांगितलं. तिचं बोलणं भराभर होत होतं, आणि ते तिलाच ऐकू येत होतं.

"तुम्ही त्यांना फलाटावर पाहिलंत?" लीवेने विचारलं.

"हो."

"नक्की तेच होते?"

"माझे वडील आहेत ते. मी ओळखते."

"बरोबर," लीवे म्हणाली. "वय?"

"एक्याऐंशी. अंगावर तपकिरी स्वेटर आहे. फोन नाही. आणि..." ओदील थांबली. "कधीकधी ते विसरतात."

हे वाक्य तिने आजवर कोणासमोर उच्चारलं नव्हतं. लीवेने मान हलवली, ब्रसेल्सला फोन लावला आणि तिचं हेच वाक्य फ्लेमिश भाषेत पलीकडे सांगितलं. त्या भाषेत ते आणखी पक्कं वाटलं.

बाहेर शेतं इतक्या वेगाने मागे पळत होती की जवळचं काही दिसतच नव्हतं. लांबच्या पवनचक्क्या तेवढ्या जागच्या जागी राहिल्यासारख्या वाटत होत्या. ओदील जागेवर येऊन बसली. फलाटावरून जिना उतरला की स्टेशनची ती लांबच लांब बोळं. तिथून ते कुठे जातील? ट्रामने घरी? किल्ली कोटातच होती. दुकानाची जुनी किल्ली मात्र ते पँटच्या खिशात ठेवत.

लीवे आली ती नकारार्थी मान हलवतच. "फलाटावर कोणी नाही. जिन्याखालीही पाहिलं. आता पोलिसांना सांगतायत."

"पण मी त्यांना पाहिलं."

"शोधतायत, मादाम."

रेजीसचा फोन आला तेव्हा ती दोन डब्यांमधल्या जागेत जाऊन उभी राहिली. तिने त्याला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"तू बरोबर असताना हे झालं," तो म्हणाला. "उद्या कोणीच बरोबर नसताना काय होईल? मी तुला दोष देत नाहीये. पण आता तरी बघतेस ना?"

"बघतेय."

"मी त्या बाईंना हो म्हणू?"

गाडी एका पुलाखालून गेली आणि तिच्या कानांत दडे बसले. तिच्या पायांखालच्या लोखंडी पत्र्यात काहीतरी सतत खडखडत होतं. स्वेटरवरचा एक म्हातारा दुकानाच्या बंद शटरसमोर उभा आहे, असं तिला दिसत होतं.

"म्हण," ती म्हणाली.

ती जागेवर पोचली तेव्हा म्हातारीने न विचारताच एक बिस्कीट पुढे केलं. ते हातात धरून ओदील बसून राहिली. लीवे तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने आधी हात वर करून सगळं ठीक असल्याची खूण केली.

"आर्मां नावाचे गृहस्थ ना? ते गाडीतच आहेत. मागच्या गाडीत."

"मागच्या?"

"या दोन गाड्या आहेत, नाकाला नाक लावून जोडलेल्या. आतून जायला वाट नाही, थेट पॅरिसलाच भेटाल. माझ्या तिकडच्या सहकाऱ्याला त्यांनीच सांगितलं. माझी मुलगी चौथ्या डब्यात आहे, तिला कळवा, ती घाबरेल, म्हणाले."

ओदीलने डोळे मिटले. मग उघडले. "ते तिकडे कसे चढले?"

लीवेने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "त्यांची जागा तिकडेच आहे. चौदाव्या डब्यात. तुमचं तिकीट बघू?"

ओदीलने फोन पुढे केला. तिला आठवत होता तो चौथा डबा, सकाळच्या गाडीतला. बदललेल्या तिकिटावर चौदा होतं. तिने ते उघडून पाहिलंच नव्हतं. आणि खांबाजवळचा तो पाठमोरा म्हातारा दुसराच कोणी होता.

"होतं असं," लीवे म्हणाली. "रोज कोणीतरी करतंच. आता बसा इथेच, जागा आहेत." आणि ती ब्रसेल्सच्या पोलिसांना कळवायला गेली.

"सापडले ना," म्हातारी म्हणाली. "आता बिस्कीट खा."

ओदीलने रेजीसला फोन लावला. तो दुसरीकडे बोलत होता. तिने पुन्हा लावला. अजून बोलतच होता. 'थांब, हो म्हणू नकोस,' असा निरोप तिने पाठवला, तोवर बाहेर पॅरिसच्या उपनगरांच्या भिंती सुरू झाल्या होत्या. निरोपाला उत्तर आलं नाही.

फलाटावर ती दोन्ही गाड्यांची नाकं जिथे जुळली होती तिथे जाऊन उभी राहिली. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती. आर्मां आले ते कोणाला तरी हसून निरोप देत. थंडीने त्यांचे कान लाल झाले होते. तिने कोट उघडून धरला आणि त्यांनी त्यात हात घातले.

"खिडकीची जागा होती," ते म्हणाले. "तुझी शेजारची रिकामीच आली."

"मला सांगायचं नाहीत?"

"सांगायलाच आलो होतो. उतरल्यावर डब्याचा आकडा दिसला, तेव्हा लक्षात आलं. काचेवर टकटक केली." त्यांनी तळवा तिच्यासमोर उभा धरला. "तू असं केलंस. मग म्हटलं, आपल्या जागेवर जाऊन बसू, नंतर आतून चालत येऊ. तर मध्ये भिंत."

त्यांच्या सुरात तक्रार नव्हती. गर्दीतून ते पुढे चालू लागले.

"रेजीसला काय सांगितलंस?"

"तुम्ही हरवलात म्हणून."

"मग?"

"तो खोलीबद्दल विचारत होता. मी हो म्हणाले."

आर्मांनी चालताना फक्त कोटाचं एक बटण लावलं. मग दुसरं.

फलाटाच्या तोंडाशी रेजीस उभा होता. त्याच्या हातात फोन होता, आणि चेहऱ्यावर बराच वेळ धरून ठेवलेली काळजी. त्याने आधी वडिलांना मिठी मारली, मग बाजूला होऊन त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"पपा, काय हे? जीव घेतलात आमचा."

"अरे, झालं खरं," आर्मां म्हणाले. "चढलो भलत्याच डब्यात. वय झालं आता."

ओदील जागीच थांबली.

"नाही, रेजीस. ते त्यांच्याच डब्यात होते. भलत्या डब्यात मी बसले होते. तिकीट बदलल्यावर मी पाहिलंच नाही."

रेजीस थकल्यासारखा हसला. त्याने वडिलांच्या कोपराखाली हात घातला. कोणी असं धरलेलं आर्मांना खपत नसे. आज त्यांनी हात सोडवून घेतला नाही.

"तू किती घाबरली होतीस ते मी ऐकलंय," तो ओदीलला म्हणाला. "आता त्यांची बाजू सांभाळायची काही गरज नाही. ते स्वतःच सांगतायत ना."

"मी बाजू सांभाळत नाहीये. जे झालं ते सांगतेय. तपासनीस बाईंना विचार हवं तर."

"बरं, बरं," रेजीस म्हणाला, अगदी मायेने. "दमली आहेस तू. आधी काहीतरी खाऊया."

हा सूर ओदीलच्या ओळखीचा होता. गेला महिनाभर तीही फोनवर असंच बोलत होती. रेजीसशी नव्हे, पपांशी.

आर्मां तिच्याचकडे बघत होते. त्यांचे डोळे अगदी स्वच्छ होते.

"कळलं, कसं वाटतं ते?" ते हळूच म्हणाले.

ओदीलने बॅग फलाटाच्या मधोमध खाली ठेवली. मागून येणारी माणसं कुरकुरत वळसा घालून जाऊ लागली. तिने भावापुढे हात पसरला.

"वृद्धाश्रमातल्या बाईंना फोन लाव," ती म्हणाली, "आणि मला दे."