मेरी हॅडलीचं पान

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोफिल्म रीडर आहे. नाव ऐकूनच नाक मुरडलंत ना? मुरडा बापडे. आज मला कुणी हिंग लावून विचारत नाही, पण एके काळी माझ्यासमोर बसायला लोक आठ-आठ दिवस आधी नाव नोंदवायचे.

माझं काम सोपं होतं. दोन-दोनशे वर्षांच्या जीर्ण वह्यांचे फोटो एका अरुंद फितीवर काढलेले असायचे. ती फीत माझ्यात ओवायची, दिवा लावायचा, बाजूचा दांडा फिरवायचा, की एकेक पान माझ्या काचेवर हे एवढं मोठं होऊन उभं राहायचं. कोण जन्मलं, कुणाचं लग्न लागलं, कुणाला पुरलं, सगळं चर्चच्या वह्यांत असे. १९७९ साली मी इंग्लंडमधल्या रीडिंग नावाच्या शहरातल्या एका वाचनालयात, इतिहासाच्या खोलीत, खिडकीपाशी येऊन बसलो. माझा दिवा तापायचा, पंखा घरघरायचा. मीही काही गरीब गाय नव्हतो. कुणी दांड्याला हिसका दिला की खुशाल फीत अडकवून बसायचो.

१९८४ मध्ये तिथे लता कामाला लागली. लता दादासाहेब खरात. जन्म रीडिंगचा, घर मराठी. तिचे वडील बसवर कंडक्टर होते. रिटायर झाल्यापासून ते रोज दुपारी येऊन पेपर वाचत बसायचे आणि लायब्ररी बंद झाली की लेकीबरोबर चालत घरी जायचे. मी मराठी शिकलो ती या दोघांचं ऐकून, तेव्हा माझं काही चुकलं तर दोष त्यांचा. लता सकाळी आल्याआल्या मऊ फडक्यानं माझी काच पुसायची. तिच्याइतका हलका हात मला पुन्हा लाभला नाही.

१९८७च्या जानेवारीत तिला अमेरिकेतून एक पत्र आलं. लिहिणारा वॉल्टर हॅडली, ओहायोतला त्र्याऐंशी वर्षांचा शेतकरी. त्याचा मूळ पुरुष थॉमस जॉर्ज हॅडली १८०४ साली रीडिंगजवळचं आपलं गाव सोडून तिकडे गेला, जंगल तोडून त्यानं शेत केलं, आणि तेच शेत हे लोक सहा पिढ्या कसत होते. पण तो इंग्लंडात कुणाचा कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वॉल्टरला डोळे मिटायच्या आत शेताच्या बांधावर थॉमसच्या नावाचा दगड उभारायचा होता. त्यावर थॉमसच्या घराण्याचं नाव हवं होतं.

लतानं कंबर कसली. रोज जेवणाच्या सुट्टीत सँडविच बाजूला ठेवून ती माझा दांडा फिरवायची. तीन आठवड्यांत तिला जॉर्ज हॅडली सापडला. बडा जमीनदार, गावात मोठं दगडी घर, आणि १७७९ साली बाप्तिस्मा झालेला मुलगा थॉमस. तिनं लगोलग पत्र धाडलं. तिकडे नुसता आनंदीआनंद झाला. ऑगस्टमध्ये ते घर बघायला येतो, असं वॉल्टरनं कळवलं.

आता तुम्हीच सांगा, चूक कुठे झाली? आपल्याकडे आधी आपलं नाव, मग बापाचं, मग आडनाव. लताचं स्वतःचं नाव तसंच. मधलं नाव म्हणजे बाप, हे तिनं मनात इतकं पक्कं धरलं होतं की इंग्रजांत मधलं नाव कशाहीवरून ठेवतात, हे इथेच जन्मूनही त्या वेळी तिच्या डोक्यात आलं नाही. जुलैत दुसऱ्या कुणासाठी तीच फीत लावली आणि तिचा हात थांबला. जॉर्ज हॅडलीचा मुलगा थॉमस चौथ्या वर्षीच वारला होता.

ती दोन दिवस वेड्यासारखी शोधत होती. शेवटी शेजारच्या गावच्या वहीत पान निघालं, तेही १७७९चंच. थॉमस जॉर्ज, मेरी हॅडलीचा मुलगा. मेरी मोलकरीण, अविवाहित. बापाचं नाव नाही.

लतानं ते वर जाऊन सांगितलं. मुख्य बाई मिसेस पार्कर चांगल्या होत्या, पण त्यांनी सरळ सांगितलं, की म्हातारा आनंदात आहे, चार फोटो काढेल आणि जाईल, कशाला त्याच्या जिवाला घोर? लतालाही ते पटायला लागलं होतं. त्या दुपारी ती वडिलांजवळ येऊन बसली आणि मेरीच्या पानाचं सगळं सांगितलं.

"अप्पा, मी मोठी चूक केलीय. पण सांगितलं तर ते खचून जातील. गप्प बसू का?"

दादासाहेबांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "त्या बाईला गावानं एकदा पुसून टाकलंच होतं. आता खोटा बाप लावून तू तिला परत पुसणार?"

लता उठली. ते पान तिनं खूण करून ठेवलं.

ऑगस्टात वॉल्टर आला. उंच, कमरेत किंचित वाकलेला, टोपी हातात, बोटं मुळ्यांसारखी जाड. लतानं त्याला माझ्यासमोर बसवलं आणि आधी आपली चूक कबूल केली, काहीही आडपडदा न ठेवता. मग दांडा फिरवला. माझी छाती धडधडत होती, मित्रांनो. एरवी मी खोड्या करतो, पण त्या दिवशी मनाशी ठरवलं, की काही झालं तरी दिवा जाऊ द्यायचा नाही.

त्यानं ते पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग त्यानं विचारलं, की हिचं पुढे काय झालं? लतानं तेही शोधून ठेवलं होतं. मेरी हॅडली १८३१ साली गावच्या गरिबखान्यात वारली, वय चौऱ्याहत्तर.

"म्हणजे तो निघाला तेव्हा निरोप द्यायला ती होती," वॉल्टर म्हणाला. त्यानं ते जाड बोट मेरीच्या नावावर ठेवलं, माझ्या स्वच्छ काचेवर ठसा उमटला, आणि मला त्याचा मुळीच राग आला नाही. दगडी घर बघायला तो गेलाच नाही. दगडावर पहिलं नाव मेरीचं घालायचं, असं त्यानं तिथेच ठरवलं.

जाताना तो दादासाहेबांशी हात मिळवायला थांबला. म्हातारे म्हातारे बोलतात तसं सहज बोलता बोलता त्यानं विचारलं, की तुमच्या आजीचं नाव काय होतं?

ज्या आजीनं दुसऱ्यांच्या शेतांत राबून दादासाहेबांना शाळेत धाडलं, तिला सगळे नुसतं म्हातारी म्हणायचे. "मी कधी विचारलंच नाही गं," ते लताकडे बघून म्हणाले. तिची कुठल्या वहीत नोंद नव्हती, आणि जगातली कुठलीच फीत लावून मी तिला काचेवर आणू शकत नव्हतो. मला माझा एवढा कमीपणा कधी वाटला नव्हता.

त्यांनी त्याच संध्याकाळी साताऱ्याकडच्या आपल्या गावी थोरल्या बहिणीला, सिंधुबाईंना, पत्र टाकलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, शेजारच्या पोरीकडून लिहवून घेतलेलं. दादासाहेब ते घेऊन थेट लायब्ररीत आले. आजीचं नाव यमुना होतं. लता आणि ते दोघंही माझ्यासमोर बसून रडले, आणि मग लतानं ते नाव त्या दिवसाच्या तारखेसकट एका नव्या वहीत लिहिलं.

पुढे १९९८ मध्ये कॉम्प्युटर आले आणि माझी रवानगी तळघरात झाली. काचेवर धूळ आहे, दिवा कधीच गेला. मला पुसायला या, असं मी म्हणणार नाही. तुम्ही आज घरी जा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून त्यांच्या आजीचं नाव विचारा. उद्यावर टाकू नका. सिंधुबाईंचं पत्र ऑक्टोबरात आलं होतं, आणि त्या डिसेंबरात गेल्या.