टाळाची जागा

"काका, टाळ लई टोचतोय," रेश्मा दारातूनच म्हणाली. "काल देवळावरच्या स्पीकरला आपलं गाणं लावून बगितलं. बाया कानावर हात ठेवून उठल्या."

दयानंदने स्क्रीनवरून नजर काढली नाही. त्याच्या लेखी त्या गाण्याचं, म्हणजे गौळणीचं, मिक्सिंग परवाच संपलं होतं. "देवळावरच्या कर्ण्यात घातलं तर अंगाईसुद्धा टोचते, बाई."

"कर्णा न्हाई, नवीन स्पीकर हायेत. आन् मोबाईलवरबी तसंच. ह्यांच्या गाडीतबी तसंच." ती उंबरा ओलांडून आत आली. "आत्याबाईंनी तर मनाला लावून घेतलंय. म्हणत्यात, माजाच हात जड झाला, शुक्रवारच्या उत्सवात मी टाळ धरत न्हाई."

आत्याबाई म्हणजे रेश्माची सासू, धोंडाबाई. रिहे गावातल्या महिला भजनी मंडळाचा टाळ वीस वर्षं त्यांच्याच हातात होता. दयानंदच्या घरमालकीणही त्याच. त्यांच्या म्हशी विकल्या गेल्यावर रिकामा झालेला गोठा त्यांनी त्याला स्टुडिओसाठी भाड्याने दिला होता. भिंतींना पेंढ्याची पोती लावून त्यांवर जुन्या गोधड्या टांगायची युक्तीही धोंडाबाईंचीच. आवाज असा दबायचा की पुण्याहून येणारे गायक आधी हसायचे आणि मग तशा गोधड्या कुठे मिळतील ते विचारून घ्यायचे.

दयानंदला या कामात एकतीस वर्षं झाली होती. कॅसेटच्या जमान्यात तो शिकला आणि कॉम्प्युटर आल्यावर त्यातले आवाज घडवणारे प्लगइनही शिकला. आवाजातला खर्जाचा, मधला आणि वरचा भाग हवा तसा चढवायचा-उतरवायचा, यात त्याचा हात धरणारा मुळशीत कुणी नव्हता. एक गोष्ट मात्र तो पाळायचा. आवाज चढवला-उतरवला की प्लगइनमध्ये जी रेषा वर-खाली होते, तिच्यावर त्याने स्क्रीनवरच जुन्या कॅलेंडरचं पान चिकटवून टाकलं होतं. रेषा बघून गाणं करणं म्हणजे पत्रिका बघून संसार करणं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सुनवायचा. सूस गावाहून येणारा ऋषिकेश नावाचा एक संगीतकार गेल्या वर्षी चाचरत म्हणाला होता, "सर, थोडं शार्प होतंय का?" दयानंदने त्याला चांगले इअरफोन घ्यायला सांगितलं. ऋषिकेश पुन्हा आला नाही.

पण मोबाईल, गाडी आणि देऊळ या तिन्ही ठिकाणी टोचतंय म्हटल्यावर गप्प बसून चालणार नव्हतं. दयानंदने डोकं खाजवलं आणि त्याला कारण सापडलं.

"माझ्या स्पीकरचा ट्वीटर जळला असणार," तो म्हणाला. ट्वीटर म्हणजे बारीक आवाज देणारा छोटा पडदा. "मला बारीक आवाज कमी ऐकू आला, म्हणून मी चढवत गेलो. थांब, तपासू."

त्याने चाचणीचा सूर लावला. हजार हर्ट्झवर नीट वाजला. चार हजारावर वाजला. सहा हजारावर अगदीच बारीक झाला. आठ हजारावर स्पीकर गप्प.

"बघ!" दयानंदला हायसं वाटलं. "गेलाय बिचारा." खात्री करून घ्यायला त्याने आवाज अर्ध्यावरून पाऊण केला. तरी काहीच नाही. मग पूर्ण केला.

"अवो काका, बंद करा की ते!"

त्याने वळून पाहिलं. रेश्माने दोन्ही हातांनी कान गच्च दाबले होते आणि डोळे मिटून ती भिंतीकडे सरकली होती.

दयानंदने सूर बंद केला. बाहेरच्या रस्त्याने ट्रॅक्टर चालला होता, त्याची घरघर त्याला अगदी स्वच्छ ऐकू आली. त्याने नखाने कॅलेंडरचं पान सोडवलं. खालची रेषा उजवीकडे, बारीक आवाजांच्या बाजूला, घाटासारखी चढत गेली होती. तो चढ त्याने स्वतः दिला होता. त्याने गेल्या वर्षीचं एक गाणं उघडलं. तिथेही चढ होता, पण जरा कमी. त्याच्या आधीच्या वर्षी त्याहून कमी. चार वर्षांपूर्वीच्या गाण्यात रेषा सपाट होती.

त्याला भीती वाटली. लाजही वाटली, पण भीती जास्त वाटली.

"तुमाला आयकूच आला न्हाई व्हय तो आवाज?" रेश्माने हळूच विचारलं.

सर्दी झालीय, कान भरलेत, असं काहीबाही तोंडात आलंच होतं. "नाही," तो म्हणाला.

रेश्मा कामाची बाई होती. "मग आता? शुक्रवार तोंडावर आलाय."

"शुक्रवारी गाणं वाजेल. तू इथे बस." दयानंद उठला आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधली आपली खुर्ची त्याने तिला दिली. त्या खुर्चीवर आजवर त्याने कुणाला बसू दिलं नव्हतं. स्वतः स्टूल ओढून तो बाजूला बसला. "मी वरचा भाग उतरवत जातो. छान-बिन म्हणायचं नाही. टोचतंय की नाही, एवढंच सांग."

गौळण सुरू झाली. दयानंद रेश्माच्या कपाळाकडे बघत चढ उतरवू लागला. "टोचतंय," ती म्हणाली. "अजून टोचतंय. जरा कमी... न्हाई, लई पडला आता. थोडा वर घ्या. हां! हितं. हितंच ऱ्हाऊ द्या."

तिच्या कपाळावरची आठी गेली. दयानंदसाठी टाळाचा नादही गेला. लांबच्या घरात कुणी सुपारी फोडावी तेवढा ठोका उरला.

तेवढ्यात ताकाचा तांब्या घेऊन धोंडाबाई आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या. गाणं संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. "ह्यो कुनाचा टाळ?"

"तुमचाच की आत्याबाई!"

"मंग काल का तसा वाजला?"

रेश्माने खाली पाहिलं. दयानंद स्टुलावरून उठून उभा राहिला. "तुमचा हात जड नाही झाला, आक्का. माझे कान गेलेत. वरचं ऐकू येत नाही. म्हणून मी टाळ वाढवत बसलो."

"कवापास्नं?"

"मला आज कळलं."

धोंडाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "मंग आत्ता वाजला त्यो आयकू आला का?"

"ठोका आला. नाद नाही आला."

धोंडाबाई उंबऱ्यावर टेकल्या आणि त्यांनी पदर नीट घेतला. "पुना लावा. नीट बसून आयकू द्या."

दयानंदने गौळण पहिल्यापासून लावली. या वेळी त्याने स्क्रीनकडे पाहिलं नाही. धोंडाबाईंचे रिकामे हात मांडीवर आपोआप टाळ धरू लागले होते. तो त्या हातांकडे बघत राहिला. टाळ कुठे पडतोय ते त्याला त्यांवरून कळत होतं.