तेलानं पुसा, आत्याबाई

मी मलमाची डबी बोलतेय. दुधी काचेची, बसकी, पत्र्याच्या झाकणाची. हल्ली माझ्या पोटात हळद असते, त्यामुळे मला पाहून कुणाला काही आठवत नाही. मला मात्र सगळं आठवतं. माणसांचं वागणं पाहून मला अजून तडा कसा गेला नाही, याचंच नवल वाटतं.

जन्म मुंबईचा. एका कारखान्यात जस्ताची पांढरी भुकटी चरबीत घोटून मलम केलं आणि माझ्यात भरलं. घोटणारा म्हातारा शेजारच्याला सांगत होता, "बाहेर पडताना तोंडाला लावायचं, ऊन वरच्या वर अडतं. पाण्यानं जात नाही, तेलानंच काढावं लागतं. घामानं वाहून गेलं असतं तर उन्हात उपयोग काय?"

एवढं साधं काम. यात न समजण्यासारखं काही असेल, असं मला वाटलं नाही. मी नवी होते.

माझ्या अंगावर एक चित्राचा कागद डकवला. टोपी घातलेली एक मडम, आणि तिच्या डोक्यावर तळपणारा सूर्य. मग मला हिंगोलीला पाठवलं. तिथं छावणी आहे, गोरे साहेब आहेत, त्यांना उन्हाचा त्रास होतो, अशी मालकाची माहिती. छावणी उठून एक पिढी झाली होती, हे त्याला कुणी कळवलं नव्हतं.

अशी मी गुलाबचंदाच्या दुकानात, कंगव्यांच्या आणि साबणांच्या मधे, धूळ खात बसले. गुलाबचंद कापडापासून सुईपर्यंत सगळं विकायचा आणि प्रत्येक मालाचे गुण गिऱ्हाईक पाहून ठरवायचा.

एका बाजाराला आखाडा बाळापूरचे उकंडराव आले. घरचं शेत, घरची बैलगाडी, आणि लग्नाला आलेली थोरली पोरगी द्वारका. दिवाळी सरली की सेनगावचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. पोरगी नाकीडोळी नीटस, पण आईबरोबर कापूस वेचून उन्हानं रापलेली.

"गोरं व्हायचं काई हाय का शेठ?"

"है ना! दोन है." गुलाबचंदानं मला आणि शेजारच्या फुलाफुलांच्या डबीला पुढं ओढलं. "ये फूलवाली वासाची. अन् ही बघा, सूरज काढलाय वर. म्हणजे काय? लावली की तोंड सूरजसारखं चमकणार!"

मी थक्क झाले. सूर्य अडवायला माझा जन्म, आणि हा मला सूर्य विकायला बसवतो!

उकंडरावांनी दोन्ही डब्या उजेडात धरल्या. वास घेतला नाही, मलम चोळून पाहिलं नाही. कागदावरच्या दोन बायकांकडे मात्र नवरदेवाच्या बापासारखं बारकाईनं पाहिलं. "ही टोपीवाली जास्त गोरी दिसून राहिली. हीच द्या."

अशी माझी निवड झाली. माणसं औषधं अशीच निवडतात, हे मला पुढं कळलं. तेव्हा नुसता धक्का बसला.

घरी पोचल्यावर दुसरा धक्का तयारच होता. द्वारकेची आई नर्मदाबाई मोठी कामाची आणि तितकीच काटकसरी बाई. तिनं रात्रीची जेवणं झाल्यावर मला उघडलं आणि लेकीच्या तोंडाला थर दिला.

"माय, आता कुठं जायाचं हाय मला?" द्वारका म्हणाली.

"जायाचं काहून? निजायचं."

"मग दिवसा लाव की. शेतात जाताना."

"येडी का काय तू? दिवसा पांढरं तोंड घेऊन गेलीस तर बाया हासतील. अन् एवढं महागाचं मलम उन्हात वाया घालवती व्हय?"

उन्हात वाया! मी ऐकलं ते खरंच ऐकलं का, हे मला बराच वेळ उमजेना. म्हणजे रात्रभर मी द्वारकेला अंधारापासून जपायचं. सकाळी ती गोड्या तेलाचं बोट फिरवून मला पुसून काढायची आणि उघड्या तोंडानं दिवसभर कापसाच्या पऱ्हाटीत उभी राहायची. संध्याकाळी नर्मदाबाई तिची हनुवटी वर करून पाहायची. "अजून फरक न्हाई. थर पातळ पडून राहिला वाटतं." आणि थर वाढायचा.

एका सकाळी वाटीत तेल नव्हतं. द्वारकेनं पाण्यानं घासलं, राखेनं घासलं, मी हलले नाही. शेवटी पदर नाकापर्यंत ओढून ती तशीच शेतात गेली. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझं काम केलं. घरी आल्यावर तिनं तेल मागून आणलं, तोंड पुसलं आणि गालावरून हात फिरवत राहिली. रोजच्यासारखी आग होत नव्हती. तिनं मला उचललं, कागदावरच्या सूर्याकडे पाहिलं, मडमेच्या टोपीकडे पाहिलं आणि एकटीच हसली. आईला काही बोलली नाही. पाहुणे येऊन ठेपले होते, आणि आईशी वाद घालायला त्या घरात अजून कुणी शिकलं नव्हतं.

पाहायचा दिवस आला. सेनगावहून मुलाचा बाप संतराम आला आणि मुलाची आत्या रुख्मिणीबाई आली. ज्याचं लग्न तो किसन घरीच राहिला; पद्धतच तशी. खरी परीक्षा आत्याबाईंची. पोरीला चालवायच्या, केस सोडवून मोजमाप घ्यायच्या, आणि शेवटी आपल्या पदराचं टोक तांब्यात बुडवून पोरीचं तोंड पुसायच्या. गोरं दिसायला फासलेलं पीठ पदराला लागलं की उठायच्या. त्यांच्या ओल्या पदरानं आजवर कितीतरी गोऱ्या पोरी सावळ्या केल्या होत्या.

नर्मदाबाईला हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती निर्धास्त होती. "पुसू दे किती पुसायचं ते," ती मला उघडताना पुटपुटली. "हे पाण्यानं जात न्हाई." आणि तिनं शेवटचा थर दिला. कपाळ, गाल, हनुवटी. मान राहिली. कानामागं राहिलं.

मी कोनाड्यातून सगळं पाहत होते.

"पोरीला काही लावलंय का, बाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"देवाशपथ न्हाई. उपजतच अशी हाय."

ओला पदर फिरला. पुन्हा फिरला. पीठ निघेना. आत्याबाईंनी जोर लावला, तसं माझं मलम कुठं घासलं गेलं, कुठं तसंच राहिलं, आणि द्वारकेच्या तोंडावर पांढरी ठिगळं उमटली. आत्याबाईंनी हात मागं घेतला, जसा चुलीतून घ्यावा.

"निघत न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "लावलेलं न्हाई, तर मग अंगातलंच हाय. संतराम, ऊठ. पोरीला कोड हाय."

संतरामानं पानाची चंची गुंडाळली. उकंडराव उभे राहिले ते उभेच. घरचा शब्द बायकोनं आधीच देवाच्या नावानं खर्च केला होता. मलम लावलं म्हणावं तर खोटी शपथ घेतली असं होतं, न म्हणावं तर पोरीला कोड ठरतं. आणि हा शब्द एकदा दाराबाहेर पडला की द्वारका जन्मभर घरात, तिच्या धाकट्या बहिणीही घरात.

मी हादरून गेले होते, ते वेगळ्याच गोष्टीनं. गोऱ्या रंगासाठी मला गाडीत मांडीवर घेऊन आणणारी ही माणसं, पांढऱ्या रंगाचं नाव निघताच भिऊन गेली होती. कोड म्हणजे कातडीचा रंग गेलेला, एवढंच. ना ते एकाचं दुसऱ्याला लागतं, ना तो कुणाचा गुन्हा. उलट तशा कातडीला ऊन सगळ्यांत आधी भाजतं. माझी खरी गरज तिलाच. पण डबीला कोण विचारतो?

पाहुणे उंबऱ्याशी पोचले, तेव्हा द्वारका उठली. कोनाड्यापाशी आली. समईतलं तेल तिनं वाटीत ओतलं, दुसऱ्या हातात मला घेतलं आणि दारात आडवी उभी राहिली.

"आत्याबाई, पाण्यानं न्हाई. तेलानं पुसा."

"गप बस गं!" नर्मदाबाई ओरडली.

"गप बसले तर कोडाची होईन, माय." तिनं मला आत्याबाईंच्या हातात दिलं. "ही डबी लावलीय. दादांनी हिंगोलीवरून आणली, मायनं लावली, अन् मी लावून घेतली. पुसा."

आत्याबाईंनी तेलात बोट बुडवलं. गालावर एकदाच फिरवलं. पदराला पांढरा लगदा आला आणि खाली निघाला तो गाल. अख्खा, नितळ, उन्हानं तांबूसकाळा झालेला.

"अगं बाई! ही तर सावळी हाय!"

"व्हय, सावळीच हाय. कापूस वेचते."

संतराम आधी खाकरला, मग खदखदून हसला. "बाई, आपल्याला वेचणीला माणूस पाहिजे, भिंतीवर टांगायला तसबीर न्हाई. पोरगी पसंत हाय." यात पोरीचं कौतुक किती आणि वेचणीचा हिशेब किती, हे त्याचं त्याला माहीत. द्वारकेनं मान खाली घातली नाही, एवढं मी पाहिलं. उकंडराव खाली बसले. नर्मदाबाईनं आत जाऊन देवापुढं नाक घासलं.

आणि आत्याबाई? त्यांनी मला परत दिलंच नाही. झाकण उघडून वास घेतला, आणि नर्मदाबाईला बाजूला घेऊन दबक्या आवाजात विचारलं, "कुठं मिळती ही? माझी लेक अजून दाखवायची हाय."



द्वारकेनं मला आत्याबाईंकडून मागून घेतलं, आणि लग्न होऊन मला घेऊन सेनगावला आली. पहिल्याच दिवशी नाकाला आणि गालांना पांढरं लावून, पदर कपाळावर ओढून ती शेतात निघाली. बाया हासल्या. "किसनची बायको पांढऱ्या मातीनं भिंत सारवून आली जनू!" द्वारका म्हणाली, "सारवलेली भिंत टिकती, काकू." हळूहळू हसणं थांबलं. पुढं एकदोघी दुपारी गुपचूप बोट पुढं करू लागल्या. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेच.

मग मी संपले. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मुंबईचा माल येईना, आणि पुढं रझाकारांच्या धामधुमीत हिंगोलीला कुणी बाजारालाही जाईना. द्वारकेनं मला धुऊन हळद भरली. निजामाचं राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, तेव्हा तिनं किसनला सांगितलं, "तसलीच डबी आना. टोपीवाली."

किसननं आणली. तिला माझ्या शेजारी ठेवलं आणि मी माझ्या वंशाकडे पाहिलं. तीच दुधी काच, तेच झाकण. मडमही तीच, आधीपेक्षा गोरी. पण डोक्यावरची टोपी गेली होती. आणि सूर्य कुठंच नव्हता. मुंबईच्या मालकाला शेवटी गिऱ्हाईक कळलं होतं. त्यानं सूर्यच पुसून टाकला होता!

द्वारकेनं मलम मनगटावर चोळलं. गुलाबाचा वास घरभर पसरला. तिनं त्यावर ओंजळभर पाणी घातलं. सगळं वाहून गेलं.

"हे न्हाई ते," ती म्हणाली. नवी डबी तिनं नणंदेच्या हाती दिली, पदर नाकापर्यंत ओढला आणि उन्हात निघून गेली.

मी कोनाड्यात आहे. माझ्या जातीची एखादी तुमच्या हाती आली, तर कागदावरची बाई पाहून निवडू नका, चोळून पाहा. निजताना नको, उंबरा ओलांडताना लावा. आणि कुणाच्या अंगावर पांढरं दिसलं, तर उठून जाण्याआधी त्या पोरीचं म्हणणं ऐकून घ्या.

आता झाकण लावा. हळदीला ऊन लागतंय.