चहा विचारणारा सर्व्हर

ही गोष्ट कुणाला पटायची नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. वारंगा फाट्यावरच्या याच हॉटेलात या अमृतरावानं ती आजवर दोनदा सांगितली. दोन्ही वेळा ऐकणारे अर्ध्यातून उठून गेले, आणि त्यातल्या एकाची तर गाडीसुद्धा यायची होती. पण घडलं ते घडलं. आखाडा बाळापूरच्या नासेरभाईनं भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरवर अर्धा क्विंटल हळद शिजली. तिकडं कोपऱ्यातल्या बाकावर सोजराबाई कळमनुरीच्या गाडीची वाट बघत बसल्यात. गोष्टीत त्यांचं नाव येणार आहे, पण त्यांचं सगळं लक्ष पिशवीतली मेथी निवडण्यात आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

नासेरभाईचा धंदा कुकरचा. घरातला शिट्टीवाला कुकर नव्हे. ट्रॅक्टरमागं ओढायचा, चार पिपांचा, ओली हळद वाफेवर शिजवणारा. हळद जमिनीतून निघाली की हा कुकर शेतोशेत फिरतो. तो बांधावर येण्याआधी शेतवाल्यानं पाणी, जळण आणि चार गडी तयार ठेवायचे असतात, म्हणून नंबर लागला की आधी निरोप जायला हवा. निरोप चुकला तर कुकर थांबत नाही. तो पुढच्या शेतात जातो आणि मागं हळद ढिगात पडून राहते.

गेल्या साली नेमका सोजराबाईंचा निरोप चुकला. नासेरभाईनं तो मोबाईलच्या ग्रुपवर टाकला होता. त्याच्यावर कुणी गुलाबाची चाळीस फुलं टाकली, कुणी सूर्योदय टाकले, एकानं नातवाच्या बारशाचे सगळे फोटो टाकले. निरोप तळाशी गेला. सोजराबाईंची हळद नऊ दिवस ढिगात राहिली आणि तिला बुरशी धरली.

यंदा हळद काढायच्या आधीच त्या नासेरभाईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नासेर, यावर्षी मला येळंवर बोलावणं आलं न्हाई, तं मी अमरसिंगचा कुकर लावीन. आन मी गेली की आमच्या गल्लीची अठरा घरं माझ्यामागून जातील. मंग फिरव तुझी पिपं मोकळी."

अमरसिंगचा कुकर नवा होता, चकचकीत होता आणि त्याला ट्रकचा भोंगा होता. अठरा घरं गेली की बाकीची जायला वेळ लागत नाही, हे नासेरभाईला बरोबर कळत होतं. बाप-आज्यापासूनचा धंदा आता एका निरोपावर आला होता. त्यानं जेवणाच्या ताटावरूनच लेकीला हाक मारली.

फरहीन नांदेडला कॉम्प्युटर शिकलेली, तिथंच नोकरीला, आणि चार दिवसांच्या सुटीवर आलेली. तिनं बापाचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, आपण आपलाच निरोपाचा सर्व्हर लावू. त्याच्यावर फुलं येणार न्हाईत का सूर्योदय येणार न्हाई. फक्त नंबर."

"आन हे कशावर बसवणार?"

"लिनक्सवर."

नासेरभाईला वाटलं, ट्रॅक्टरची नवी कंपनी असेल.

कळमनुरीत एक इंटरनेटचं दुकान बंद पडलं होतं, त्याच्या भंगारातून एक कॉम्प्युटर आला. इतका जुना, की झाकण उघडल्यावर आतून पालीचं एक आख्खं कुटुंब निघालं आणि जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं. फरहीननं त्यात लिनक्स घातलं. पडदा काळा झाला, त्यावर पांढरी अक्षरं पळायला लागली. नासेरभाईनं पायातल्या चपला काढून बाहेर ठेवल्या.

"बिघडलं का गं?"

"न्हाई अब्बा, हे असंच ऱ्हातंय. आता ऐका. साधं इंटरनेट म्हंजे दुकानातलं गिऱ्हाईक. आलं, मागितलं, घेतलं, गेलं. दुकानदाराला मागून काही सांगायचं असलं तं गिऱ्हाईक जाग्यावर कुठंय? आपण लावून राहिलोय ते वेबसॉकेट. एकदा माणूस आत आला की जातच न्हाई. दार उघडं. तो बसून राहिला, आपण बसून राहिलो. ज्याला जवा वाटंल तवा बोलंल."

"म्हंजे मुक्कामी पाव्हणा," नासेरभाई म्हणाला.

 फरहीनला हे समजावायला नांदेडच्या मास्तरांना तीन आठवडे लागले होते.

मग तिनं एकेक करून काम केलं. इंटरनेटच्या जोडणीवाल्याकडून घराला पक्का पत्ता घेतला, कारण रोज पत्ता बदलणारं घर पाहुण्यांना सापडत नाही. फायरवॉल म्हणून एक राखणदार असतो, तो सगळी दारं लावून बसतो. त्याला सांगून एक दार उघडलं. सर्व्हरच्या पुढं एक द्वारपाल बसवला. येणाऱ्याला विचारायचं आणि आत न्यायचं, एवढंच त्याचं काम. शेवटी एका फाईलमध्ये लिहून ठेवलं, की सर्व्हर पडला तर त्यानं आपला आपण उठावं, वीज गेली तर आल्यावर उठावं, कुणाला हाका मारत बसू नये. नासेरभाईला हे फार आवडलं. असा गडी त्याला तीस वर्षांत मिळाला नव्हता.

गावोगावचे तीनशे बारा मोबाईल जोडले गेले. फरहीननं सगळ्यांना एकच बजावलं, पान उघडं ठेवा, बंद करू नका. त्याचा परिणाम असा झाला, की बाळापूर भागात दोन दिवस कुणी मोबाईल खिशात घातला नाही. काहींनी ताटात ठेवला, काहींनी खुंटीला टांगला, आणि एका घरात सून माहेरी जाताना सासूला सांगून गेली, दूध उतू गेलं तरी चालंल, पण पान मिटू देऊ नका.

पहिला निरोप गेला. नासेरभाईच्या हातातला मोबाईल टुणकन वाजला. तो खूश झाला. एक मिनिटानं त्यानं दुसरा पाठवला. काहीच नाही. तिसरा पाठवला. शुकशुकाट.

फरहीननं तपासलं आणि कपाळावर हात मारला. "आपला द्वारपाल अब्बा! त्याला मी सांगितलं की हा मुक्कामी पाव्हणा हाय, आत घे. पण पाव्हणा साठ सेकंद गप बसला की हा त्याला उचलून भाईर फेकून राहिला."

"साठ सेकंद? पाव्हणा घडीभर गप बसला म्हणून कुणी हाकलतंय का? कोणत्या गावचा हाय हा?"

"उद्या नीट करते," फरहीन म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तिला कामावरून बोलावणं आलं. जाताना बाप कॉम्प्युटरकडं कसा बघतोय ते तिनं पाहिलं. "अब्बा, कशालाच हात लावू नका. दुपारी फोनवर सांगते."

आणि त्याच दिवशी दुपारी सोजराबाईंचा नंबर होता.

नासेरभाईनं विचार केला. पाहुणा गप बसला म्हणून हाकलला जातो. बाहेर फेकलेले पाहुणे पान पुन्हा उघडून आत येतच होते; मग त्यांना गप बसू द्यायचं नाही, झालं. पाहुण्याला बोलतं कसं करायचं हे त्याच्या घराण्यात कुणी शिकवावं लागत नव्हतं. तो कॉम्प्युटरसमोर बसला, एका बोटानं एकेक अक्षर शोधलं आणि तीनशे बारा मोबाईलवर एकदम विचारलं: चहा झाला का?

घड्याळ बघून पन्नास सेकंदांनी पुन्हा विचारलं. पुन्हा पन्नास सेकंदांनी. द्वारपाल बिचारा बघत राहिला. एकाही पाहुण्याला त्याला हात लावता येईना.

इथवर सगळं ठीक होतं. पण चहा झाला का असं विचारल्यावर ओ न देता बसून राहील, असा माणूस हिंगोली जिल्ह्यात अजून जन्मला नाही. तीनशे बारा जणांनी उत्तर दिलं, झाला, तुमचा? आणि फरहीननं घाईत सर्व्हरला असं शिकवलं होतं, की आलेला प्रत्येक बोल सगळ्यांना पोचव. तीनशे बारा गुणिले तीनशे बारा. एका फेरीत सत्त्याण्णव हजार तीनशे चव्वेचाळीस चहा! ते वाचून लोकांनी एकमेकांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. कुणी साखर सोडल्याचं सांगितलं, कुणी सोडू नका म्हणालं. दोन भाऊ वाटणीपासून सात वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, ते चहावरून बोलायला लागले आणि संध्याकाळी एका बांधावर बसले.

कॉम्प्युटरमधून वाफ निघायला लागली. पंखा आधी गुणगुणला, मग भजनाच्या चढ्या सुरात गेला. नासेरभाईच्या घरवाली मदीनाबींनी दारातून बघितलं आणि विचारलं, "क्या पका रहे तुम?" मग त्या व्यवहारी बाईनं ओल्या हळदीचं घमेलं आणून त्या डब्यावर ठेवलं. पंधरा मिनिटांत शिजली. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. असं करत अर्धा क्विंटल. काडी टोचून बघितली तर लोण्यासारखी आत गेली. हा प्रकार घरच्या माणसांशिवाय कुणी बघितला नाही, म्हणून तर इथं सांगावा लागतो.

पण नासेरभाईचं हळदीकडं लक्ष नव्हतं. ट्रॅक्टर कुकर घेऊन निघाला होता. "सोजराबाई, कुकर निघाला, पाणी-जळण तयार ठेवा," हा निरोप त्यानं टाकला होता, आणि तो त्या सत्त्याण्णव हजार चहांच्या मागं रांगेत उभा होता. पुन्हा तेच. गेल्या वर्षी फुलांच्या खाली, यंदा चहाच्या खाली. त्याच्या कानांत अमरसिंगचा भोंगा वाजायला लागला. खिळ्याला फटफटीची किल्ली लटकत होती. त्यानं ती हातात घेतली, एकदा बाहेर बघितलं, आणि परत खिळ्याला अडकवली. सर्व्हर लावून पुन्हा दारोदार फिरायचं, तर मग सर्व्हर कशाला?

तेवढ्यात फरहीनचा फोन आला.

"अब्बा, सर्व्हरवर काय करून राहिले तुमी? इथं माझ्या मोबाईलवर चार हजार येळा चहा इचारला!"

"तू पाव्हण्यांना बोलतं ठेवायचं म्हनलीस ना!"

"मी कवा म्हनले? बरं, ऐका. सांगते ती फाईल उघडा. द्वारपालाला साठ सेकंदांच्या जागी एक दिवस लिहा. आन सर्व्हरला लिहा, की दर तीस सेकंदाला त्यानंच पाव्हण्याला हळूच टोचायचं. मोबाईल आपला आपण ओ देतो, माणसाला कळतसुदिक न्हाई."

"काहून पण? हाक मारायची आन चहा इचारायचा न्हाई?"

"अब्बा!"

नासेरभाईनं लिहिलं. एका बोटानं, घाम पुसत, प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत. सर्व्हर बंद करून चालू केला. पडद्यावर एक ओळ आली, की सगळं ठीक. तुंबलेले सगळे चहा विरून गेले. पंखा शांत झाला. आणि त्या शांततेत त्यानं सोजराबाईंचा निरोप नव्यानं टाकला.

आता खरी गंमत ऐका. निरोप असा सुटला, की वाटेतल्या तारांवरचे पारवे उडाले. सोजराबाईंचा मोबाईल होता पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, पेटी माळ्यावर, आणि माळ्यावर रेंज कधीच नसते. तरी तो असा वाजला, की पेटी माळ्यावर नाचत नाचत कडेला आली, खाली पडली, कुलूप उघडलं आणि मोबाईल घरंगळत थेट चुलीपाशी, सोजराबाईंच्या पायाशी येऊन थांबला. बाईंनी वाचलं. ट्रॅक्टर बांधावर पोचला तेव्हा पाणी भरलेलं, जळण रचलेलं, चार गडी बाह्या सारून उभे. अमरसिंगचा भोंगा तिथून जाताना एकदा वाजला, आणि लाजून—

"अमृतराव."

कोपऱ्यातल्या बाकावर मेथी निवडायची थांबली होती.

"कवापासून ऐकून राहिली मी. सगळं खपवून घेतलं, पाली बी आन वाफ बी. पण माझ्यापाशी मोबाईल कवा होता ओ? मोबाईल असता तं गेल्या साली माझी हळद ढिगात कुजली असती व्हय? नासेर सोता आला होता. फटफटी ओढ्यात बंद पडली तं ढकलत आणली त्यानं, आंगातलं शर्ट घामानं पिळून काढावं असं, आन तोंडातून शब्द निघंना. शेवटी मीच त्याला इचारलं, बाबा, चहा झाला का म्हणून!"