चाळणीबाईंचा आकडा

तुम्ही तिला मोजलंत. वाचलं नाहीत. तिचे सगळे शोधनिबंध तुमच्यापुढे टेबलावर एका फाइलीत होते, आणि त्या फाइलची नाडीसुद्धा कुणी सोडली नव्हती. नाही म्हणू नका. ती समोरच बसली होती, तिने पाहिलंय.

प्रयोगशाळेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. कणांच्या टकरी झाल्या की यंत्रातून संकेतांचा ढीग येतो. त्यात खरा एखादाच, बाकी सगळा कचरा. तो कचरा गाळून खरा तेवढा हातात ठेवणारा प्रोग्राम तिने लिहिला. अर्धं भौतिकशास्त्र, अर्धं संगणकशास्त्र, आणि ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. मग तो तिने जगाला वाटून टाकला. वर लिहिलं, 'खुशाल वापरा. माझं नाव घ्यायची गरज नाही.'

आई तेव्हाच म्हणाली होती, "अगं बये, लष्कराच्या भाकरी भाजायच्याच असतील तर निदान तव्यावर तरी नाव कोरून ठेव!"

"आई, विज्ञानात असं मागून घेत नाहीत."

"मग काय, न मागता मिळतं?"

"मिळतं," ती म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

लोक तिच्या शब्दाला जागले. प्रोग्राम घेतला, नाव घेतलं नाही. निबंधाच्या शेवटी संदर्भ देतात, त्यात कुणाचं नाव किती वेळा आलं यावर शास्त्रज्ञाची पत ठरते. चाळणी घरोघर पोचली आणि चाळणीबाईंचा आकडा जागचा हलला नाही.

यंदा नोकरी कायम व्हायची होती. नाही झाली तर प्रयोगशाळेतली खोली रिकामी करायची, असा सरळ हिशेब. समिती बसली. एका बाजूला भौतिकशास्त्राचे सर, दुसऱ्या बाजूला संगणकशास्त्राच्या मॅडम, मधे अध्यक्ष.

"हे सगळे परिषदेतले निबंध," सरांनी एका बोटाने फाइल लोटली. "आमच्यात याला सहल म्हणतात. जायचं, चहा प्यायचा, परत यायचं."

"सर, संगणकशास्त्रात परिषदेतलाच निबंध मोठा मानतात. बहुतेक तर नाकारलेच जातात."

"ते खरंय," मॅडम म्हणाल्या. "पण बाई, तुमचं सगळं कणांवरच ना? आमच्या लोकांना त्याचं काय? हे भौतिकशास्त्रच झालं."

"आमच्या गळ्यात कशाला?" सर हसले. "आमच्याकडच्या निबंधांवर शेकडो लेखक, तेही वर्णानुक्रमे. त्यात यांनी काय दिवे लावले, कसं कळणार?"

"संकेत ज्याने सापडला, तो भाग माझा आहे."

"तसं लिहिलंय कुठे?"

अध्यक्ष कागदावरून मान न उचलता म्हणाले, "दोन्ही विषयांचे आकडे वेगळे धरायचा नियम आहे. तिकडे पुरत नाही, इकडेही पुरत नाही."

"मग एकत्र धरा ना."

"कुठल्या रकान्यात?"

तेव्हा तिचा तोल गेला. ती अध्यक्षांना म्हणाली, "सर, तुमच्या गेल्या निबंधातला आलेख माझ्या प्रोग्रामनं काढलाय!"

अध्यक्षांनी चष्मा काढला. आवाज अगदी मऊ. "हो. सुरेख चालतो. पण बाई, नाव नको, असं तुम्हीच लिहिलंत ना?"

नोकरी कायम झाली नाही. नाडी न सुटलेली फाइल उचलून ती निघाली.

ती घरी आली तेव्हा आई धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. लेकीचा चेहरा बघून तिने चादरीचं एक टोक पुढे केलं. दोघींनी मिळून घडी घातली. मग दुसरी. आयुष्यभर जिभेवर टोमणा तयार असलेली बाई, आज नुसत्या घड्या घालत होती.

"आई, बोल ना. म्हण, सांगितलं होतं म्हणून."

"काय म्हणू?" आईने चादर छातीशी धरली. "मला वाटायचं, माझंच खोटं ठरेल गं."

मग मात्र लेक रडली. चादर पुन्हा धुवावी लागली असती, इतकी.

खोली रिकामी करायच्या दिवशी, पुस्तकं खोक्यात भरताना फोन वाजला. अध्यक्ष. नवं यंत्र बसवलंय, चाळणी त्यावर अडते, निकाल वेडेवाकडे येतात. "जाता जाता जरा बघून द्याल?"

'नाही' म्हणायला तिने तोंड उघडलं. पण वेडेवाकडे निकाल छापून आले असते, ते लोकांनी खरे धरले असते, त्यावर आणखी कुणी काही उभारलं असतं. खोक्यावरच बसून, मांडीवर संगणक घेऊन तिने दोष शोधला. दुरुस्त केला. तपासून पाठवला. मग खोलीची किल्ली देऊन निघून गेली.

आज कुठल्याशा शिकवणीत ती पोरांची गणितं सोडवून घेते. आई हल्ली लेकीच्या कामाबद्दल काही विचारत नाही. तुमचं नवं यंत्र उत्तम चाललंय, म्हणतात.

तर आता अध्यक्षमहाराज, तुम्ही बोला. ती भौतिकशास्त्राची नव्हती, संगणकशास्त्राचीही नव्हती. मग अडलं तेव्हा फोन तिलाच का केलात? आकड्याचं सांगू नका. नियमाचं तर नाहीच नाही. फोन तिलाच का केलात, याचं उत्तर द्या.